आईचं वय ७६, आतड्याचं ऑपरेशन झेपेल का? : वाचकांचे प्रश्न, सर्जनची उत्तरं

गेल्या अंकात बद्धकोष्ठतेवर लिहिताना मोठ्या आतड्याला येणाऱ्या डायव्हर्टिक्युला नावाच्या बारीक पिशव्यांचा ओझरता उल्लेख केला होता, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. बहुतेक पत्रं लेकी-सुनांची आहेत, आईच्या नाहीतर सासूबाईंच्या वतीने लिहिलेली. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, निर्धास्त राहा.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आम्ही शिवाजी पेठेत राहतो. आईचं वय ७६, गर्भपिशवी काढून बरीच वर्षं झालीत. दिवाळीपासून तिच्या अंगावरून घाण वासाचं पाणी जातंय. इन्फेक्शन असेल म्हणून गोळ्यांचे दोन-तीन कोर्स झाले, तेवढ्यापुरतं कमी व्हायचं की परत सुरू. मग एक दिवस तिने मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या जागेतून वारा सरतो आणि कधीकधी संडाससारखंही येतं. तिने देव्हाऱ्याजवळ जाणं बंद केलंय, लग्नाकार्याला येत नाही. सीटी स्कॅनमध्ये सिग्मॉइड डायव्हर्टिक्युलायटिस (आतड्यावरच्या त्या पिशव्यांची सूज) आणि आतडं ते योनीमार्ग फिस्टुला (दोघांमध्ये पडलेली वाट) असं आलंय. सर्जन म्हणतात आतड्याचा तुकडा काढावा लागेल. मामा म्हणतात या वयात पोट कशाला फाडायचं, खालूनच दोन टाके घालून बंद करा की. काय करावं?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी आईजवळ बसा आणि तिला सांगा की यात तिचं काही चुकलेलं नाही आणि हा अस्वच्छतेचा आजार नाही. तिने तुम्हाला सांगितलं हेच फार मोठं काम केलंय, कारण कितीतरी बायका वर्ष-वर्ष पॅड लावून गप्प बसतात आणि घरात कुणाला पत्ता नसतो.

आता झालंय काय ते सांगते. मोठ्या आतड्याचा डाव्या बाजूचा, गुदाशयाच्या आधीचा वळणाचा भाग म्हणजे सिग्मॉइड. सायकलची ट्यूब जुनी झाली की कमजोर जागी फुगा धरते तसे वयाबरोबर आतड्याच्या भिंतीला, जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात त्या जागी, बारीक फुगे येतात. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही, दुसऱ्याच कशासाठी स्कॅन केला तेव्हा कळतं. पण एखादा फुगा सुजला, बारीक फुटला आणि पू झाला की तो पू वाट शोधतो. ज्या बाईची गर्भपिशवी जागेवर आहे तिच्यात ती पिशवीच मध्ये आडवी असते. ती काढलेली असली की योनीमार्गाचं वरचं, टाके घालून बंद केलेलं टोक थेट सिग्मॉइडला टेकतं, पू तिथे फुटतो आणि ती वाट मग बुजतच नाही कारण त्यातून रोज वारा आणि मळ येत राहतो. म्हणूनच आतडं आणि योनीमार्ग यांच्यातला हा फिस्टुला बहुतेक करून गर्भपिशवी काढलेल्या बायकांतच दिसतो. म्हणजे तेव्हाचं ऑपरेशन चुकलं होतं असा अर्थ काढू नका हं, ते चांगलंच झालेलं असणार.

मामांचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं, आणि ते काळजीपोटीच बोलतायत. पण खाली जे भोक दिसतं ते आजाराचं नुसतं तोंड आहे. आजार वर आतड्यात बसलाय. खालून टाके घातले तर सुजलेल्या, कच्च्या मांसात ते धरत नाहीत, आणि धरले तरी वरून आतड्यातला दाब आणि घाण येतच राहणार, थोड्या दिवसांत सुटतात आणि पुढचं ऑपरेशन अजून अवघड होऊन बसतं. बाळंतपणात जखम होऊन अगदी खाली गुदद्वाराजवळ फिस्टुला होतो तो वेगळा, तिथे खालून दुरुस्ती होते. आईचा तो प्रकार नाही.

तुमच्या सर्जननी सांगितलंय ते रीतसरच आहे. पोटातून जाऊन चिकटलेलं आतडं योनीमार्गापासून सोडवायचं, सिग्मॉइडचा आजारी भाग काढायचा आणि वरचं चांगलं आतडं खाली गुदाशयाला जोडायचं. इथे एक गोष्ट मुद्दाम विचारून घ्या, जोड सिग्मॉइडच्याच उरलेल्या तुकड्याला देणार की गुदाशयाला. गुदाशयालाच द्यायला पाहिजे, कारण सिग्मॉइडचा खालचा तुकडा मागे राहिला तर आजार परत येण्याचा धोका वाढतो. उलट वरच्या बाकीच्या आतड्यात साधे, न सुजलेले फुगे असले तर ते सगळे काढत बसायचं नसतं. योनीमार्गातलं भोक बरेचदा एवढंसं असतं, त्याला एक-दोन टाके घालतात नाहीतर तसंच सोडतात, आतड्याचा मारा थांबला की ते आपोआप भरून येतं. मध्ये पोटातलाच चरबीचा पडदा आणून ठेवतात, म्हणजे आतड्याचा नवा जोड आणि ते भोक एकमेकाला चिकटत नाहीत.

दुर्बिणीतून करायचं की पोट उघडून, यावर घरात फार चर्चा होते असं बघते मी. दुर्बिणीतून झालं तर दुखणं कमी, चालणं-फिरणं लवकर, जखमेला पू धरण्याचा त्रास कमी, म्हणून म्हाताऱ्या माणसाला ते बरंच. पण अशा आजारात आतडं आतून घट्ट चिकटलेलं असतं, मूत्रनलिका बाजूलाच असते, आणि अर्ध्यात पोट उघडावं लागलं तर ते सर्जनचं अपयश नसतं, पेशंट सुखरूप राहावा म्हणून घेतलेला निर्णय असतो. अशी ऑपरेशनं जो नेहमी करतो त्याच्या हातात द्या, दुर्बीण आहे की नाही हे त्याच्या नंतर बघा.

आणि घाई नको. हा फिस्टुला म्हणजे बहुतेक वेळा उद्याच्या उद्या करायची इमर्जन्सी नसते. आता सूज किंवा पू असेल तर आधी अँटिबायोटिक, गरज पडली तर सुई घालून पू काढणं, आणि साधारण सहा आठवड्यांनी सूज बसली की मग ऑपरेशन. या मधल्या आठवड्यांतच खरी तयारी होते. हिमोग्लोबिन बघा, शुगर बघा, आल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) बघा, म्हातारी माणसं "मला भूकच नाही गं" म्हणत चहा-बिस्किटावर दिवस काढतात आणि तसल्या शरीरात आतड्याचा जोड नीट धरत नाही. अंडी, दूध, डाळ, पनीर, जे तिला जाईल ते थोडं थोडं दिवसातून चार-पाच वेळा द्या. रोज संध्याकाळी चालायला न्या, श्वास आत ओढून बॉल वर उचलायचा तीन बॉलचा स्पायरोमीटर मिळतो तो आत्ताच आणून सवय लावा, ऑपरेशननंतर वेदनेत शिकवणं अवघड जातं. मिश्री लावत असेल तर ती सोडवा.

एक तपासणी मात्र टाळू नका, कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघणं. सिग्मॉइडचा कॅन्सरसुद्धा असाच योनीमार्गात नाहीतर लघवीच्या पिशवीत फुटतो आणि सीटीमध्ये दोन्ही सारखेच जाड दिसू शकतात. कॅन्सर निघाला तर ऑपरेशनच बदलतं, चिकटलेला भाग सोडवायचा नसतो, सगळा एकत्र काढायचा असतो. म्हणून आधीच माहीत पाहिजे. सूज एकदम ताजी असताना कोलोनोस्कोपी करत नाहीत, ती बसल्यावर करतात.

राहिला वयाचा प्रश्न. ७६ हा आकडा ऐकून कुणीही "नको" म्हणेल, पण मी आकड्याने ठरवत नाही. आई स्वतःची स्वतः आंघोळ करते का, जिना चढते का, बाजारात जाऊन येते का, हार्ट-किडनी कशी आहे, हे सगळं भूलतज्ज्ञासमोर मांडा. धडधाकट असेल तर ऑपरेशन करून घ्या असंच माझं स्पष्ट मत आहे. ती आणखी दहा वर्षं जगणार असेल तर ती दहा वर्षं देव्हाऱ्यापासून लांब बसून का काढायची? तोपर्यंत त्वचा सोलते त्यासाठी झिंक ऑक्साइडचं मलम लावा, कोमट पाण्याने धुवा, आणि ती नको म्हणाली तरी जेवायला तिला सगळ्यांच्या पंगतीतच बसवा.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना (वय ७२, कागल) हेच ऑपरेशन सांगितलंय. त्यांना पोटावर मळ गोळा करायची पिशवी लावतील याची एवढी धास्ती बसलीय की ऑपरेशनच नको म्हणतात. पिशवी लावावीच लागते का? कायमची असते का?

उत्तर : ही भीती जवळजवळ प्रत्येक बाईला असते, आणि बरेचदा ती निम्म्या माहितीतून आलेली असते. ठरवून, तयारीने, सूज बसल्यावर केलेल्या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा आतडं तिथल्या तिथे जोडतात आणि पिशवी लागतच नाही. जोड खूप खाली असला, पेशंट अशक्त असला, स्टेरॉइड चालू असली किंवा आत पू निघाला तर त्या जोडाला विश्रांती मिळावी म्हणून लहान आतड्याचा एक वेटोळा पोटावर काढतात आणि त्यावर पिशवी लावतात, तो तात्पुरता. जोड भरलाय हे तपासून साधारण दोन-तीन महिन्यांनी छोट्या ऑपरेशनने परत आत टाकतात.

पोटात अचानक आतडं फुटून इमर्जन्सीत ऑपरेशन करावं लागलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा आजारी भाग काढून खालचं टोक बंद करतात आणि वरचं टोक पोटावर आणतात, याला हार्टमनचं ऑपरेशन म्हणतात, आंरी हार्टमन या फ्रेंच सर्जनने १९२१ मध्ये ते सांगितलं. तेही परत जोडता येतं, पण ते दुसरं मोठं ऑपरेशन असतं आणि वयस्कर माणसांपैकी बऱ्याच जणांचं जोडायचं राहूनच जातं. सासूबाईंना हेच समजावून सांगा, की आज वेळेवर करून घेतलं तर पिशवी टळायची शक्यता जास्त आणि टाळत टाळत इमर्जन्सी आली तर कमी.

आणि पिशवी लागायची थोडी जरी शक्यता असेल तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोटावर जागेची खूण करून घ्या. पेशंटला उभं करायचं, बसवायचं, वाकायला सांगायचं, पोटाला घड्या कुठे पडतात ते बघायचं. आणि त्यांना त्यांचंच परकर-लुगडं नेसूनच बसवा. नाडी जिथे आवळते, नऊवारी असेल तर ओचा आणि कमरेचा वेढा जिथे येतो, तिथे पिशवी आली तर ती दिवसभर दाबते, गळते आणि बाई घराबाहेर पडायची बंद होते. नाडीच्या खाली का वर, त्यांना स्वतःला दिसेल आणि हात पोचेल अशा सपाट जागी मार्कर पेनने खूण करायची. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यावर पुढचे तीन महिने अवलंबून असतात. हॉस्पिटलमध्ये कुणी आपणहून केलं नाही तर तुम्ही मागा, संकोच करू नका.

प्रश्न : मी गडहिंग्लजची, वय ७०, निवृत्त शिक्षिका. स्वतःबद्दलच लिहितेय. वर्षभर लघवीला सारखी जळजळ, दर महिन्या-दीड महिन्याने इन्फेक्शन. अलीकडे लघवी संपताना हवा आल्यासारखे बुडबुडे येतात, आवाजही होतो. हे डॉक्टरांना कसं सांगायचं तेच कळत नाही. माझीही गर्भपिशवी काढलेली आहे.

उत्तर : काकू, तुम्ही जसं इथे लिहिलंत अगदी त्याच शब्दांत सांगा. "लघवीतून हवा येते" या तीन शब्दांवर डॉक्टर ताठ बसायला पाहिजे. लघवीच्या पिशवीत हवा यायला फार थोडी कारणं असतात आणि नळी वगैरे घातलेली नसताना सगळ्यात आधी आतड्याशी जोड झालाय का हेच बघावं लागतं. डायव्हर्टिक्युलर आजारात होणाऱ्या फिस्टुलांमध्ये लघवीच्या पिशवीचाच सगळ्यात जास्त आढळतो. पुरुषांत तो जास्त, बायकांत गर्भपिशवी मध्ये असल्याने कमी, आणि ती काढलेली असेल तर तुमच्यासारखीला होऊ शकतो. लघवीच्या कल्चरमध्ये दरवेळी वेगवेगळे किंवा एकावेळी दोन-तीन जंतू निघत असतील तर तेही लिहून न्या, जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, त्या कागदांतूनच निम्मं निदान होतं.

तपासणीत सीटी स्कॅन मुख्य, आणि तो लघवीची नळी घालायच्या किंवा दुर्बिणीने पिशवी बघायच्या आधी करायचा, नाहीतर पिशवीतली हवा आतड्याची की नळीतून गेलेली हे कळत नाही. एक जुनी साधी तपासणी आहे ती तुम्हाला आवडेल, खसखशीची. अनारशाला लावतो तीच खसखस, ५० ग्रॅमच्या आसपास दह्यात कालवून खायला देतात आणि पुढचे दोन दिवस लघवी पांढऱ्या भांड्यात धरून बघतात, दाणे दिसले तर आतड्याची वाट पिशवीत उघडलीय हे सरळ सिद्ध झालं. ही डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच करा, आणि दाणे दिसले तरी वाट कुठे आहे आणि कशामुळे आहे हे त्यातून कळत नाही, त्यासाठी सीटी आणि कोलोनोस्कोपी लागतेच.

उपाय पहिल्या उत्तरात सांगितला तोच, आजारी सिग्मॉइड काढणं. पिशवीचं भोक लहान असेल तर नुसती लघवीची नळी साधारण सात ते दहा दिवस ठेवली तरी भरतं, मोठं असेल तर विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात. नळीचा कंटाळा येतो, पण ती लवकर काढा म्हणून मागे लागू नका. आणि तोवर थंडी वाजून ताप आला, लघवी कमी झाली, गुंगी आल्यासारखं वाटलं तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठा, या वयात लघवीचं इन्फेक्शन रक्तात पसरायला वेळ लागत नाही.

प्रश्न : इचलकरंजीहून. आई ८२ वर्षांची, शुगर आहे, हार्टला गेल्या वर्षी स्टेंट टाकलाय, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू. लघवीच्या पिशवीचा फिस्टुला निघालाय. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, दुसरे म्हणतात हात लावू नका. आम्ही भावंडं गोंधळलोय.

उत्तर : दादा, दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण इथे आजारापेक्षा माणसाची ताकद आधी बघायची असते. स्टेंट टाकल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभर ठरवून करायची मोठी ऑपरेशनं शक्यतो पुढे ढकलतात, त्यामुळे पहिली भेट हार्टच्या डॉक्टरांची. गोळी कुठली थांबवायची, किती दिवस आधी, कुठली अजिबात थांबवायची नाही, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. घरच्या घरी एकही गोळी बंद करू नका, यात स्टेंट बंद पडून माणूस जातो.

त्रास किती आहे ते बघा. कधीतरी बुडबुडे येतात, वर्षातून एखादं इन्फेक्शन होतं, बाकी आई खाऊन-पिऊन आहे, असं असेल तर ऑपरेशन न करता, पाणी भरपूर, इन्फेक्शन झालं की कल्चर करून योग्य अँटिबायोटिक, असं सांभाळता येतं आणि अशा नाजूक पेशंटला बरेच सर्जन तेच सुचवतात, फक्त कॅन्सर नाही याची खात्री करून घ्यावी लागते. दर महिन्याला तापाने ॲडमिट होत असेल तर मग सांभाळणंच जास्त धोक्याचं होतं. तिसरी वाट म्हणजे आतड्याचा तुकडा न काढता नुसतं आतडं पोटावर आणून मळाची वाट वळवणं. फिस्टुला त्याने बरा होईलच असं नाही, पण घाण लघवीच्या पिशवीत जायची थांबते, ऑपरेशन छोटं असतं, आणि ज्यांना मोठं झेपणार नाही त्यांना त्याने खूप आराम पडतो.

आणि आईला विचारलंत का? पत्रात तुम्ही भावंडं आहात, दोन डॉक्टर आहेत, आईचं म्हणणं कुठेच नाही. तिला काय सगळ्यात जास्त त्रास देतंय, काय चालेल, काय नको, हे तिच्या तोंडून ऐका, शुद्धीत आणि समजून सांगू शकणाऱ्या माणसाच्या शरीराचा निर्णय घरच्यांनी परस्पर घ्यायचा नसतो.

प्रश्न : ऑपरेशन झालं, घरी आलो. पेरू, तीळ, शेंगदाणे, टोमॅटोच्या बिया पिशव्यांत अडकतात म्हणून कायमचे बंद करा असं शेजारच्या सांगतायत. आणि तांबडा रस्सा?

उत्तर : बिया अडकतात ही समजूत डॉक्टरांचीही होती कित्येक वर्षं. २००८ मध्ये अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांचा १८ वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास आला, त्यात दाणे, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांना हा आजार जास्त होतो असं काही दिसलं नाही. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे मऊ, कमी चोथ्याचं खा, मऊ भात, मुगाचं वरण, ताक, मग हळूहळू भाकरी, पालेभाजी, उसळी वाढवत न्या आणि त्याबरोबर पाणीही वाढवा. तांबड्या रश्श्याने हा आजार होत नाही, पोट सावरलं की वाटीभर खुशाल घ्या, जळजळ झाली तर कमी करा. खरी काळजी गुडघेदुखीच्या गोळ्यांची घ्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून महिनोनमहिने खाणाऱ्यांना हे फुगे फुटण्याचा आणि रक्त जाण्याचा धोका जास्त असतो.

घरी आल्यावर पोट फुगणं, ताप, नाडी जोरात, उलट्या, पोटात वाढत जाणारं दुखणं यातलं काहीही झालं तर जोड गळतोय का ते बघावं लागतं. हा धोका पहिल्या आठवड्यात जास्त, पण नंतरही होऊ शकतो. फोनवर विचारत बसू नका, पेशंटला घेऊनच जा.

प्रश्न : गावातले एक जण म्हणतात फिस्टुला म्हणजे भगंदरच, क्षारसूत्र बांधून घ्या, ऑपरेशन टळेल. आणि खर्चाचं काय, आमची ऐपत नाही. (पन्हाळा तालुका)

उत्तर : क्षारसूत्राचा धागा गुदद्वाराजवळच्या भगंदरासाठी असतो आणि तिथे त्याचा उपयोग होतो. हा फिस्टुला पोटाच्या आत, आतडं आणि योनीमार्ग किंवा लघवीची पिशवी यांच्यामध्ये आहे, तिथे धागा बांधता येत नाही. तसंच गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी पूर्वी कधी शेक म्हणजे रेडिएशन घेतलेलं असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, त्यातून होणाऱ्या फिस्टुलाची ट्रीटमेंट वेगळी असते.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, आणि पेशंट ७० वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल तर उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, ऑक्टोबर २०२४ पासून ते सुरू आहे, त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार येतात. कार्डाला आधार कार्ड लागतं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलमध्ये किंवा योजनेतल्या कुठल्याही हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र (योजनेचे मदतनीस) बसतात, त्यांना सर्जनने लिहिलेलं ऑपरेशनचं नाव दाखवून ते कुठल्या पॅकेजमध्ये बसतं, मंजुरीला किती दिवस लागतील, पिशवी लागली तर ती परत आत टाकायचं ऑपरेशन वेगळं धरतात का, हे तीनही प्रश्न ॲडमिट व्हायच्या आधी विचारा. जाताना रेशन कार्ड, सीटीची फिल्म आणि सीडी दोन्ही, कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट आणि तुकडा तपासला असेल तर बायोप्सीचा रिपोर्ट, सगळं एका फाईलमध्ये न्या, आणि प्रत्येकाची एक झेरॉक्स घरी ठेवा.